राजापूर-रत्नागिरी पट्ट्यात मद्यमुक्तीच्या सभा शोधाव्यात कशा आणि पहिल्या सभेला जावे कसे?

खाडीकाठ

नमस्कार. माझे थोरले बंधू राजापूर तालुक्यात मूळ गावीच असतात आणि मी नोकरीनिमित्त डोंबिवलीला असतो. त्यांचे पिणे सणावारापुरते होते, ते वाढत वाढत सकाळच्या चहाआधी सुरू होण्यापर्यंत गेले होते. अलीकडेच ते स्वतःहून रुग्णालयात दाखल झाले आणि आता घरी आले आहेत. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ज्याला सगळे एए म्हणतात त्या संघटनेच्या, सभांना नियमित जाण्यास सांगितले आहे.

मुंबई-ठाण्याकडे अशी सभा आठवड्याच्या कोणत्याही दिवशी कुठे ना कुठे सापडते. गावाकडे मात्र चौकशी करायची कोणाकडे इथूनच अडचण सुरू होते, कारण ज्याला विचारावे तो तिन्हीसांजेपर्यंत साऱ्या वाडीला सांगून मोकळा होतो. दुसरी अडचण येण्याजाण्याची आहे. सभा बहुधा संध्याकाळी आणि मोठ्या गावात असतात, तर आमच्याकडे येणारी शेवटची एसटी त्याआधीच सुटलेली असते. तिसरा प्रश्न वहिनींचा. त्यांनी सोबत जावे की घरी थांबावे, हे त्यांनाच कळत नाही.

जाणकारांनी अनुभवावरून लिहावे. व्यसन ही केवळ इच्छाशक्तीची बाब आहे काय, ही चर्चा कृपया इथे नको. ती आमच्या घरात पुष्कळ झालेली आहे.

फक्त_आज

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका एए समूहाचा सदस्य आहे. गावाचे नाव लिहीत नाही, त्याचे कारण आपण समजून घ्याल.

शोधण्याची सर्वांत खात्रीची वाट म्हणजे फोन. एएचे भारतातले मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर सभांची माहिती व संपर्काचे क्रमांक मिळतात. मात्र यादीत पत्ता दिसला म्हणून थेट गाडीत बसू नये. आमच्या सभा शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, म्हणजे जिथे कोणी जागा देईल तिथे भरतात. परीक्षा आल्या, खोलीला कुलूप बदलले, पावसात छप्पर गळू लागले, की जागा किंवा वेळ बदलते आणि यादीत तो बदल उशिरा पोहोचतो. दूरध्वनी केला की पलीकडे बहुतेक वेळा एखादा सदस्यच असतो आणि तो आपल्याला तालुक्याच्या जवळच्या सदस्याशी जोडून देतो.

तो फोन आपण करण्यापेक्षा आपल्या बंधूंनी स्वतः करावा. आम्ही नातेवाइकांशी आदराने बोलतो, पण ज्याला दारू थांबवायची आहे त्याचा आवाज ऐकल्याशिवाय आमचे काम पुढे सरकत नाही. सदस्यत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू थांबवण्याची इच्छा. अर्ज, फी, हजेरीपट किंवा ओळखपत्र यांपैकी काहीही लागत नाही. बंधूंनी सांगितले की "मला एकट्याने यायला संकोच वाटतो," तर बहुधा दोन सदस्य त्यांना एसटी स्टँडवर किंवा ते म्हणतील तिथे भेटतील. दोघे अशासाठी, की नव्या माणसाला दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या कहाण्या ऐकायला मिळाव्यात आणि जाणाऱ्यापैकी एकाचा पाय घसरण्याची वेळ आली तर दुसरा सोबत असावा.

आता प्रत्यक्ष सभेविषयी लिहितो. साधारण एक ते दीड तासाचा कार्यक्रम असतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, त्यावर मराठी-इंग्रजी पुस्तिका, भिंतीवर बारा पायऱ्या (सदस्याने मद्यमुक्तीसाठी टाकायची पावले) आणि बारा परंपरा (समूह कसा चालावा याचे संकेत) लिहिलेले दोन तक्ते, एवढाच सरंजाम असतो. सुरुवातीला प्रस्तावना वाचली जाते आणि नंतर एकेक जण स्वतःचे नाव सांगून, मी मद्यपी आहे असे म्हणून, आपला अनुभव सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही. पहिल्या दिवशी "मी आज फक्त ऐकतो" एवढे म्हटले तरी पुरते. शेवटी एक पेटी फिरते. सदस्य त्यात ऐपतीप्रमाणे टाकतात. नव्याने आलेल्याने टाकलेच पाहिजे असे नाही आणि बाहेरच्यांकडून देणगी आम्ही घेतच नाही. खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तिका यांचा खर्च त्यातून भागतो.

औषधाची_चिठ्ठी

मी जिल्ह्यातल्या मानसिक आरोग्य सेवेत समाजसेवक म्हणून काम करतो. धागाकर्त्यांच्या बंधूंनी रुग्णालयात राहून दारू सोडली हे उत्तम झाले. पण हा धागा वाचून दुसरा कोणी उद्यापासून घरीच एकदम बंद करील, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर काही तासांतच हातांना कंप, घाम, मळमळ आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते तीन दिवसांच्या सुमारास काहींना भ्रमाची अवस्था येते. माणूस नसलेली जनावरे पाहतो, माणसे ओळखत नाही, अंथरुणातून उठून पळतो. आपल्याकडे अशा वेळी बाहेरची बाधा झाली म्हणून मांत्रिकाला बोलावले जाते आणि मोलाचा वेळ जातो. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे आणि तिच्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. तिथे शामक औषधांबरोबर बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, दिले जाते. एएची सभा ही या टप्प्यावरची जागा नव्हे, आणि तिथले जुने सदस्यही हेच सांगतील.

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे. नाव ऐकूनच लोक बिचकतात, पण मनोविकारतज्ज्ञ तिथे उपलब्ध असतात. सिंधुदुर्गात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा १४४४६ हे क्रमांक निःशुल्क आहेत.

आणखी एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. डायसल्फिरम नावाची गोळी असते. ती चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या व धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो, आणि गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. ही गोळी रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. "जेवणातून नकळत द्या, दारू सुटेल" अशा जाहिराती भिंतींवर दिसतात, तशा पुड्यांमध्ये काय असते याचा भरवसा कोणी द्यावा? वहिनींनी त्या वाटेला मुळीच जाऊ नये. बंधूंना ही गोळी चालू असेल तर खोकल्याची काही औषधे आणि आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे घेण्याआधीही विचारावे, कारण त्यांत मद्यार्क असतो. कोकणातल्या प्रत्येक घरातल्या फडताळात द्राक्षासवाची एखादी बाटली असतेच.

तिरकस_प्रश्न

माहिती उपयुक्त आहे, पण मला एक शंका आहे. मी त्या बारा पायऱ्या वाचल्या आहेत आणि त्यांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो. ज्याचा देवावर विश्वास नाही, किंवा ज्याचा देव वेगळा आहे, त्याने चर्चच्या सभागृहात बसून प्रार्थना का म्हणावी? आणि या सगळ्याचा उपयोग होतो याला काही पुरावा आहे की ही केवळ भाविकांची श्रद्धा आहे?

फक्त_आज

चर्चचे सभागृह आम्हाला मिळते, कारण तिथले विश्वस्त आठवड्यातून एक संध्याकाळ खोली देतात. त्यापलीकडे चर्चचा आणि समूहाचा संबंध नसतो. आमच्यात दाभोळकडचे मुस्लिम मच्छीमार आहेत, वारकरी आहेत, आणि देव मानत नाही असे तोंडावर सांगणारे एक निवृत्त शिक्षकही आहेत. पायऱ्यांमध्ये "आम्हाला उमगलेला ईश्वर" असा शब्दप्रयोग आहे. त्या गुरुजींनी समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानले आहे आणि प्रार्थनेच्या वेळी ते शांत उभे राहतात. त्यांना कोणी काही म्हटल्याचे मी पाहिलेले नाही. तरीही तो भाग कोणाला खटकू शकतो, हे मान्य करायला हवे. खटकले तर दुसऱ्या एखाद्या समूहात जाऊन पाहावे, कारण प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो.

औषधाची_चिठ्ठी

पुराव्याविषयी: वैद्यकीय संशोधनाचा साकल्याने आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली या विषयावरचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींचा समावेश होता. रुग्णाला एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार हे सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त समुपदेशनापेक्षा सरस, आणि इतर बाबतींत साधारण बरोबरीचे ठरले. यातले बहुतेक अभ्यास परदेशातले आहेत, हे लक्षात ठेवावे. आणि प्रत्येकाला ते मानवेलच असे नाही. न मानवल्यास समुपदेशन, औषधे आणि पाठपुरावा गट हे मार्ग आहेतच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना १९८६ साली झाली, तेव्हापासून तिथे उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर मोठा भर दिला गेला आहे, आणि बारा पायऱ्यांचा विचार तिथेही वापरला जातो. दोन्हींत वैर नाही.

तुळशीवृंदावन

वहिनींच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण मी त्या खुर्चीत बसलेली आहे.

सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेत फक्त मद्यपी बसतात. तिथे पत्नीनेही जाऊ नये, कारण जे नवरा आपल्यासमोर बोलणार नाही ते त्याला तिथे बोलायचे असते. खुल्या सभेला कोणीही जाऊ शकते. त्यामुळे फोन करतानाच "ही सभा खुली आहे का?" असे विचारून घ्यावे. एखाद्या सदस्याचा मद्यमुक्तीचा वाढदिवस असतो तेव्हा सभा बहुधा खुली ठेवतात. वहिनींनी पहिल्यांदा तशा सभेला जावे असे मला वाटते. मी गेले तेव्हा एका गृहस्थांच्या मुलीने वडिलांना पदक दिले, आणि ती माईकसमोर एवढेच म्हणाली की आता बाबांच्या गाडीचा आवाज आला की आम्ही टीव्ही बंद करत नाही. त्या वाक्याने मला जेवढे समजावले तेवढे कोणत्याही समुपदेशकाने समजावले नव्हते.

याशिवाय कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत. बाटल्या शोधणे, खिसे तपासणे, कामावर खोटा निरोप पाठवणे, सासूबाईंपुढे झाकापाक करणे, यांत आपले जे आयुष्य गेले ते परत आपल्या हातात कसे घ्यावे, हे तिथे बोलले जाते. नवरा सभेला जात नसला तरी आपण जाऊ शकतो, किंबहुना त्यावेळी तर जावेच. आमच्या भागात प्रत्यक्ष गट नसल्यामुळे मी दूरस्थ सभेला बसते. करोनाच्या काळापासून अशा ऑनलाइन सभा पुष्कळ झाल्या आहेत. दुपारी भांडी आवरून, इअरफोन लावून, पडवीत बसले की कोणाला काही कळत नाही. नेटवर्क मात्र आमच्याकडे पडवीच्या उजव्या खांबापाशीच येते.

बंदरावरचा

मालवणच्या बाजूने लिहितो. मोठ्या शहरात नाव गुप्त ठेवणे सोपे आहे. इथे मोटारसायकल कुठे उभी आहे यावरून माणूस कुठे बसला आहे ते गाव ओळखते. गंमत अशी, की गुत्त्याबाहेर गाडी दिसली तर कोणाला काही वाटत नाही, पण सभेच्या खोलीबाहेर दिसली की चर्चा होते. म्हणून मी सुरुवातीला आपल्या तालुक्याची सभा सोडून शेजारच्या तालुक्यात जात असे. तिथे पोहोचलो तर माझ्याच जेटीवरचा एक खलाशी समोर बसलेला. तोही त्याच कारणाने इतक्या लांब आला होता. त्यानंतर आम्ही दोघे एकाच गाडीने जाऊ लागलो.

मच्छीमारांसाठी वेळेचा प्रश्न वेगळा आहे. ट्रॉलरवर असताना आठवड्याची ठरलेली सभा सांभाळता येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हातात वेळ असतो आणि नेमके तेव्हाच पिणेही वाढते. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने हे दोन महिने सभांसाठी राखून ठेवावेत. पुढे समुद्रावर गेल्यावर निदान दोन-तीन सदस्यांचे क्रमांक मोबाइलमध्ये असतील आणि किनाऱ्याजवळ रेंज आली की बोलता येईल.

दुसरा अवघड प्रसंग देवकार्याचा. आमच्याकडे राखणीला, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला मान देताना, कोंबड्याबरोबर दारूचा नैवेद्य असतो आणि मानकऱ्याने प्रसाद नाकारला तर देवाचा अपमान झाला असे मानणारे लोक आहेत. मी गावकऱ्यांच्या बैठकीत आधीच सांगितले की गाऱ्हाण्याला मी उभा राहीन, नारळ देईन, पण बाटलीला हात लावणार नाही. कुरकुर झाली. मग एक म्हातारे आजोबा म्हणाले, "देवाक कळता, तुमका कळत नाय." तो विषय तिथेच संपला. प्रसंग उभा राहिल्यावर नकार देण्यापेक्षा आधी सांगून ठेवणे केव्हाही सोपे पडते. शिमगा आणि गणपतीत चाकरमानी बाटल्या घेऊन येतात तेव्हाही हेच करावे. धागाकर्ते स्वतः चाकरमानी आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे.

दोडामार्ग_रस्ता

आमच्याकडून गोव्यातल्या सभा जवळ पडतात. तिथे एएचे काम जुने आहे आणि सभा कोकणीतून व इंग्रजीतून चालतात. कोकणी समजायला आम्हाला अडचण येत नाही. अडचण रस्त्याची आहे: जाताना आणि येताना हद्दीवर स्वस्त दारूच्या दुकानांची रांग लागते. नवीन माणसाने एकट्याने तो रस्ता करू नये.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्रांबाबतही सावध करतो. माझ्या नात्यातल्या एकाला एका केंद्राची माणसे घरातून उचलून घेऊन गेली, भरपूर पैसे घेतले आणि घरच्यांशी बोलू दिले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित अवस्थांचाही समावेश आहे, आणि सज्ञान माणसाला दाखल करायचे तर त्याची संमती हा मूळ नियम आहे. अपवादांची रीतही कायद्याने घालून दिली आहे. "शंभर टक्के खात्री" देणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. कोणी एएच्या नावाने प्रवेशशुल्क मागितले तर तो एए नव्हे, कारण एए कोणतेही केंद्र किंवा रुग्णालय चालवत नाही.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंधूंनी काल स्वतः फोन केला. पलीकडचे गृहस्थ जवळजवळ अर्धा तास बोलले आणि त्यातला बराच वेळ स्वतःविषयीच बोलत होते, याचे बंधूंना आश्चर्य वाटले. सर्वांत जवळची सभा रत्नागिरीच्या बाजूला, रविवारी सकाळी आहे असे कळले, त्यामुळे परतीच्या एसटीचा प्रश्न सुटतो. पण दर आठवड्याला एवढा प्रवास शेतीची कामे सांभाळून निभेल असे वाटत नाही, विशेषतः आंब्याच्या हंगामात. राजापुरातच काही सुरू करता येईल काय? त्यासाठी परवानगी कोणाची लागते?

फक्त_आज

परवानगी कोणाचीही लागत नाही. दोन-तीन मद्यपी मद्यमुक्तीसाठी एकत्र बसले की त्यांनी स्वतःला समूह म्हणावे, असे आमच्या परंपरेतच आहे. मुळात हे सारे सुरू झाले तेही असेच. १९३५ साली बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे गृहस्थ व्यवसायासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात गेले असताना, धंद्यातला व्यवहार फिसकटला आणि पिण्याची अनिवार इच्छा झाली, तेव्हा त्यांनी फोनाफोनी करून दुसरा एक पिणारा शोधून काढला. ते डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक होते. त्यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जूनचा दिवस आम्ही संस्थापना दिन मानतो. भारतात १९५७ सालापासून हे काम चालू आहे.

तरीही घाई करू नका असे मी सुचवीन. आधी बंधूंनी काही महिने रत्नागिरीकडच्या सभेला जावे, पायऱ्यांमधून हात धरून नेणारा एखादा अनुभवी सदस्य स्पॉन्सर म्हणून निवडावा, आणि ज्या आठवड्यात जमणार नाही त्या आठवड्यात ऑनलाइन सभेला बसावे. नव्या माणसाने समूहाचा सगळा भार एकट्याने उचलला तर दोघेही कोसळतात, हे आम्ही पाहिले आहे. राजापूर, लांजा, वैभववाडी या बाजूने येणारे आणखी कोणी तिथे भेटेलच. तेव्हा जागेसाठी शाळा किंवा वाचनालयाला विचारावे आणि थोडे का होईना, भाडे द्यावे. फुकट मिळालेली जागा पहिल्या लग्नसराईत जाते. ग्रामपंचायतीची खोली मात्र टाळावी. तिथे सभा भरली की निवडणुकीच्या वेळी ती कोणाची सभा होती यावर वाद होतो.

मुंबईच्या कार्यालयातून मराठी साहित्य मागवता येते. सुरुवातीला दोन खुर्च्या आणि एक पुस्तक एवढे असले तरी चालते, पण वार आणि वेळ बदलू नये. समोर कोणी आले नाही तरी ठरलेल्या वेळी दार उघडे ठेवून तासभर बसावे लागते.

औषधाची_चिठ्ठी

एक राहिले. सभेत कोणी उत्साहाने "आता गोळ्यांची गरज नाही" असे म्हटले तर ते त्या सदस्याचे वैयक्तिक मत समजावे. औषधोपचाराविषयी एए स्वतः कोणतीही भूमिका घेत नाही. गोळ्या कमी करायच्या की नाही हे पुढच्या तपासणीत डॉक्टरच ठरवतील. त्या तपासणीची तारीख आणि रविवारची सभा यांची गाठ घालता आली तर बंधूंची एक फेरी वाचेल.

खाडीकाठ

तपासणी सोमवारी आहे. रविवारी सभा करून ते रात्री रत्नागिरीत मावशीकडे राहतील आणि सोमवारी रुग्णालयात जाऊन दुपारच्या गाडीने परततील, असे आज ठरवले. वहिनींना खुल्या सभेची तारीख कळवणार असल्याचे त्या गृहस्थांनी सांगितले आहे.